सांडपाण्याचा नियम मलवाहिनीच्या तोंडाशी हवा

ठाणे आणि नवी मुंबईत नाल्यांतून वाहणाऱ्या काळ्या पाण्याचा आणि खाडीच्या दुर्गंधीचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक बाजू म्हणते की महापालिकेने आणखी मोठी मलप्रक्रिया केंद्रे उभारावीत. आम्ही कर भरतो, पुढचे त्यांनी पाहावे. दुसरी बाजू म्हणते की प्रदूषण करणाऱ्यांना जबर दंड ठोठावला की सगळे आपोआप सुधारेल. या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे. सांडपाण्याचा प्रश्न वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे केंद्रात किंवा खाडीच्या काठावर सुटतो, असे त्या मानतात. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. घराचे, हॉटेलाचे, वर्कशॉपचे, रुग्णालयाचे सांडपाणी ज्या चेंबरमधून सार्वजनिक मलवाहिनीत शिरते, त्या ठिकाणी महापालिकेचा स्वतःचा, लेखी, सर्वांना सारखा लागू होणारा आणि कोणाही नागरिकाला पडताळून पाहता येईल असा नियम हवा. तो कागदावर त्रोटक आणि व्यवहारात जवळजवळ नाही, म्हणून केंद्रे बांधूनही नाले काळे राहतात आणि दंड झालाच तर तो बहुधा चुकीच्या माणसावर पडतो.

क्षमता वाढवली की प्रश्न सुटतो, या समजुतीची परीक्षा देशाच्याच आकड्यांनी घेता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार भारतातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते, तर उभारलेली प्रक्रियाक्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे. ही तफावत मोठी आहे आणि ती भरून काढलीच पाहिजे. परंतु त्याच माहितीतला तिसरा आकडा फारसा उद्धृत होत नाही. प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती फक्त २०,२३६ दशलक्ष लिटरवर. म्हणजे जी केंद्रे बांधून झाली आहेत, ज्यांवर पैसा खर्च झाला आहे, त्यांच्या क्षमतेपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग वापरातच नाही. सांडपाणी मुबलक आहे, केंद्रही उभे आहे, आणि तरी त्या दोघांची गाठ पडत नाही, याचे कारण काय असावे? बंद पडलेली यंत्रे आणि न भरलेली वीजबिले हा उत्तराचा एक भाग आहे. दुसरा आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित भाग असा की सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. ते वाटेतच पावसाळी गटारात, नाल्यात किंवा मोकळ्या जमिनीत सोडले जाते.

नवी मुंबईत हे फार स्पष्ट दिसते, कारण या शहराला सुरुवात चांगली मिळाली होती. हे शहर वसवण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने नोडची, म्हणजे शहराच्या एकेका नियोजित भागाची, आखणी करताना मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या वेगवेगळ्या ठेवल्या. भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेल्या या जमिनीवर पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी धारण तलावांची रचना केली. १९९२ पासून कारभार पाहणाऱ्या महापालिकेने पुढे वाशी, नेरूळ, ऐरोली, कोपरखैरणे अशा ठिकाणी सी-टेक, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन पाणी निवळवण्याच्या, पद्धतीची आधुनिक केंद्रे उभारली. या बाबतीत राज्यातल्या बहुतेक शहरांपेक्षा ती पुढे आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण दोन वाहिन्यांच्या व्यवस्थेत एक कमकुवत जागा असते. एखाद्या इमारतीची, गाळ्यांच्या रांगेची किंवा गावठाणातल्या वाढीव घरांची मलवाहिनी चुकून, सोयीसाठी किंवा मुद्दाम पर्जन्यजलवाहिनीला जोडली गेली, की तिथले सांडपाणी थेट धारण तलावात आणि तिथून खाडीत जाते. मग केंद्राची क्षमता दुप्पट केली तरी त्या पाण्याच्या एका थेंबावरही प्रक्रिया होत नाही. भर उन्हाळ्यात, महिनोन्‌महिने पाऊस नसताना पावसाळी गटारातून पाणी वाहत असेल, तर ते कुठून आले हे शोधायला संशोधनाची गरज नसते. त्या गटारावरची चेंबरे एकेक करून उघडत वर जावे लागते, आणि हे काम कोणाचे, कोणत्या मुदतीत, कोणत्या नोंदवहीत, याचा नियम लागतो.

ठाण्याची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. हे जुने शहर आहे. येऊरच्या डोंगरावरून उतरणारे ओहोळ वस्तीतून खाडीकडे जातात आणि वाटेत त्यांचे नाले होतात. घोडबंदर रस्त्यालगत उंच इमारती आधी आल्या आणि भुयारी गटार योजना टप्प्याटप्प्याने त्यांच्या मागून धावत राहिली. जिथे वाहिनी नव्हती तिथे सेप्टिक टाक्या आल्या, टाक्यांचे ओसंडलेले पाणी नाल्यात गेले, आणि पुढे वाहिनी आल्यावरही कित्येक जोडण्या बदलल्याच गेल्या नाहीत. वाहिनी रस्त्याखालून गेली म्हणजे सोसायटी तिला जोडली गेली, असे होत नाही. जोडणीसाठी रस्ता खणावा लागतो, खर्च येतो, कोणीतरी मागे लागावे लागते. महापालिकेच्या प्रगती अहवालांत किती किलोमीटर वाहिनी टाकली याचा आकडा ठळक असतो. त्या वाहिनीला किती मालमत्ता प्रत्यक्ष जोडल्या गेल्या हा आकडा मला त्याहून कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

जोडणी बरोबर असली तरी तिच्यातून काय जाते हा प्रश्न उरतोच. मलप्रक्रिया केंद्रातले मुख्य काम यंत्रे करीत नाहीत, सूक्ष्मजीव करतात. त्यांना हवा पुरवली, वेळ दिला की ते सेंद्रिय घाण खाऊन पाणी निवळतात. एखाद्या वर्कशॉपने मुलामा देण्याच्या कामातले आम्ल किंवा धातूयुक्त पाणी रात्री मलवाहिनीत सोडले तर हेच जीव मरतात, आणि त्यांची नवी वाढ होईपर्यंत केंद्रातून जवळजवळ जसेच्या तसे पाणी बाहेर पडत राहते. हॉटेलांच्या स्वयंपाकघरातले तेल-तूप वाहिनीत थंड होऊन घट्ट होते, त्यात कापडाचे आणि प्लास्टिकचे तुकडे अडकतात, वाहिनी तुंबते आणि मैला रस्त्यावर येतो. बांधकामावरचे सिमेंट मिसळलेले पाणी वाहिनीत गेले तर ते आतच दगडासारखे बसते. पावसाळ्यात आवारात साचलेले पाणी लवकर उतरावे म्हणून मलवाहिनीची झाकणे उघडली जातात, केंद्राकडे एकाएकी कित्येक पट पाणी येते, आणि मग प्रक्रिया न करताच ते पुढे सोडण्यावाचून केंद्राच्या अभियंत्यापुढे पर्याय राहत नाही. यातली एकही गोष्ट केंद्राच्या दारात उभे राहून थांबवता येत नाही. ती थांबते हॉटेलच्या तेलसापळ्याशी, वर्कशॉपच्या टाकीशी आणि सोसायटीच्या शेवटच्या चेंबरशी.

खाडीचा भूगोलही या चुका माफ करणारा नाही. ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे आणि उत्तरेकडे ती अरुंद होत जाते. उल्हास नदीशी तिचा संबंध एका चिंचोळ्या वाटेपुरता उरला आहे. त्यामुळे ओहोटीने बाहेर नेलेले पाणी पुढच्या भरतीला बऱ्याच अंशी परत येते, आणि वरच्या भागात सोडलेला मैला समुद्रात जाण्याऐवजी तिथेच घोळत राहून गाळात बसतो. याच खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पक्ष्यांची छायाचित्रे आपण अभिमानाने काढतो. परंतु याच गाळात चिंबोरी, निवट्या आणि कोळंबी मिळवून चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंतच्या कोळीवाड्यांचे पोट चालत आले आहे. त्यांनी गमावलेल्या उत्पन्नाची कुठल्याही अंदाजपत्रकात नोंद नाही. नागरिकांच्या चर्चेत खाडी दुर्गंधीपुरती येते. मच्छीमारांच्या बाजूने पाहिले तर ती त्यांच्या उपजीविकेची जमीन आहे आणि आपण सगळे मिळून तिच्यात रोज मैला टाकतो.

असा नियम करण्याचा अधिकार महापालिकेला आहे का, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर सहसा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे बोट दाखवून दिले जाते. हे उत्तर अपुरे आहे. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ मंडळाला उद्योगांना संमती देण्याचे आणि नाकारण्याचे अधिकार देतो, हे खरे. परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये जलनिःसारणाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. परवानगीशिवाय महापालिकेच्या गटाराला जोडणी करता येत नाही, मैल्याचे आणि पावसाचे पाणी वेगळ्या गटारांतून नेण्यास आयुक्त भाग पाडू शकतात, आणि कलम ४५८ खाली गटारांचे बांधकाम, देखभाल, संरक्षण व नियंत्रण यांसाठी महापालिकेला उपविधी, म्हणजे स्वतःचे स्थानिक नियम, करता येतात. मंडळाचे मोजके अधिकारी ठाणे जिल्ह्यातले प्रत्येक उपाहारगृह, प्रत्येक गॅरेज आणि प्रत्येक धुलाईकेंद्र तपासतील अशी अपेक्षा करणे म्हणजे कोणीच तपासणार नाही हे मान्य करणे होय. अमेरिकेत १९७२ च्या जलस्वच्छता कायद्यानंतर हीच अडचण आली तेव्हा तिथे सार्वजनिक मलवाहिनीत सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगांना परवाना देण्याचे आणि त्यांची तपासणी करण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्थानिक मलनिःसारण संस्थांवरच सोपवले गेले. कारण साधे होते. वाहिनी बिघडली की नुकसान त्यांचेच होते.

आता विरोधातला सर्वांत जोरकस मुद्दा घेतो. तो असा की महापालिका स्वतःच नाल्यांत प्रक्रिया न केलेले पाणी सोडते. तिने इतरांना नियम सांगायचा नैतिक अधिकार कुठून आणला? या आक्षेपातली वस्तुस्थिती मी नाकारत नाही. शहरांची सर्वांत मोठी मलवाहक संस्था महापालिकाच असते आणि तिच्या चुका एखाद्या हॉटेलाच्या चुकीपेक्षा हजारो पटींनी मोठ्या असतात. पैसे नाहीत ही सबबही तिला उपलब्ध नाही. रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले की सार्वजनिक आरोग्यासाठी स्थापन झालेली संस्था आर्थिक असमर्थतेचे कारण देऊन आपल्या कर्तव्यातून सुटू शकत नाही. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने हेच तत्त्व मलप्रक्रिया केंद्रांना लावले आणि वापरकर्त्यांकडून खर्च वसूल करण्याचे निकष ठरवायलाही सांगितले. म्हणून उपविधी झाला तर त्याचे पहिले कलम महापालिकेला बांधणारे असले पाहिजे. प्रत्येक केंद्रात किती पाणी आले, किती प्रक्रियेनंतर बाहेर पडले, किती तसेच सोडावे लागले, याचा आकडा तिने दररोज जाहीर करावा. परंतु महापालिकेने आधी स्वतःची सगळी केंद्रे निर्दोष करावीत आणि मगच इतरांना हात लावावा, असा क्रम लावला तर काहीच कधी सुरू होणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे केंद्राचे बिघडणे हे बऱ्याच वेळा वाहिनीत शिरणाऱ्या गोष्टींवरच अवलंबून असते. एक सुधारल्याशिवाय दुसरे सुधारत नाही, तेव्हा दोन्ही एकदमच हाती घ्यावी लागतात.

लंडनचा इतिहास या बाबतीत बोलका आहे, फक्त तो अर्धाच सांगितला जातो. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने संसदेला काम करणे अशक्य झाले, काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बाजल्जेट यांनी प्रचंड मलवाहिन्या बांधल्या, एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची दहा वर्षे मात्र विसरली जातात. १८४८ नंतर लंडनच्या मलनिःसारण आयोगाने घराघरांतले मैल्याचे खड्डे बुजवून घरे गटारांना जोडण्याची मोहीम उत्साहाने राबवली. ती गटारे शेवटी नदीतच जात होती आणि त्याच नदीचे पाणी लोक पीत होते. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथी त्याच काळात आल्या. शेवटचा विचार न करता केलेली जोडणी किती महाग पडते, याचा तो धडा होता. त्यानंतर १८५५ मध्ये जो कायदा झाला त्याने कामाची विभागणी केली. मुख्य वाहिन्या महानगर मंडळाकडे गेल्या, आणि प्रत्येक घराचे गटार नीट बांधले, नीट जोडले गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक मंडळांवर आली. त्यांच्या पसंतीचे गटार नसेल तर नवे घर बांधता येत नसे. बाजल्जेट यांच्या वाहिन्या यशस्वी झाल्या त्यामागे ही निरस व्यवस्था होती. त्यांनी मैला बराच काळ फक्त शहराच्या पूर्वेला नेऊन सोडला, तो शुद्ध केला नाही, हेही नोंदवले पाहिजे. आपल्याकडे तर याच दशकाच्या अखेरीस उलटे घडले. विहारचे पाणी १८६० मध्ये मुंबईत नळाने आले, पण ते वापरून झाल्यावर जाणार कुठे याची व्यवस्था कित्येक दशके वादांत आणि अपुऱ्या योजनांत अडकली. पाणी आणणे हा उत्सव असतो आणि ते वाहून नेणे हा खर्च, अशी आपली वृत्ती तेव्हापासूनची आहे. मोरबे धरणाचा नवी मुंबईला रास्त अभिमान आहे. पण घरात आलेल्या १०० लिटर पाण्यापैकी सुमारे ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते, आणि त्या ८० लिटरांना मीटर नाही.

करांचा आक्षेपही गंभीर आहे. मालमत्ता करात मलनिःसारणाशी संबंधित आकारणी आधीच असते, मग पुन्हा शुल्क कशाला, असे सोसायट्यांचे पदाधिकारी विचारतात. या प्रश्नाला महापालिकांनी सरळ उत्तर दिलेले नाही, कारण तो पैसा सर्वसाधारण निधीत मिसळतो आणि मलवाहिन्यांवर किती खर्च झाला हे सामान्य करदात्याला समजत नाही. म्हणून स्वतंत्र खाते आणि त्याचे जाहीर लेखापरीक्षण ही पूर्वअट असली पाहिजे. ती पूर्ण होईपर्यंत घरगुती वापरावर नवे शुल्क लावू नये, असे माझे मत आहे. परंतु दोन खोल्यांचे घर आणि दीडशे टेबलांचे उपाहारगृह यांनी वाहिनीवर टाकलेला भार सारखा नसतो. तो भार मालमत्तेच्या किमतीवरून मोजायचा की सोडलेल्या घाणीवरून? जर्मनीतल्या एम्शर नदीच्या खोऱ्यात १८९९ मध्ये शहरे, खाणी आणि कारखाने यांची एक सहकारी संस्था स्थापन झाली, आणि ज्याचा भार जास्त त्याची वर्गणी जास्त हे तत्त्व तिने पाळले. त्या संस्थेनेही नदीचे दशकानुदशके उघडे गटार केले होते. ती मैलामुक्त व्हायला २०२१ साल उजाडले. तरीही एवढा दीर्घ आणि खर्चिक बदल तिला पेलला, कारण पैशाचा स्रोत आणि भार यांचे नाते तिथे कधी तुटले नाही.

मोठ्या गृहसंकुलांचा युक्तिवाद वेगळा आहे. ते म्हणतात की आमच्या आवारात एसटीपी, म्हणजे स्वतःचे मलप्रक्रिया केंद्र, आहे, तेव्हा आमचा प्रश्न आम्हीच सोडवला. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्या अटींत अशी केंद्रे येतात. कल्पना उत्तम आहे, पाणी जिथल्या तिथे वापरले जावे हे कोणाला पटणार नाही? अडचण हस्तांतरणानंतर सुरू होते. विकासक केंद्र बांधतो, भोगवटा प्रमाणपत्र घेतो आणि निघून जातो. चालवण्याचे ज्ञान नसलेल्या समितीच्या हाती वीजबिल येते, हवा पुरवणारी यंत्रे आधी रात्री आणि मग दिवसाही बंद होतात, आणि टाकी फक्त साठवणाची उरते. समितीला दोष देऊन हा प्रश्न संपत नाही. ज्यांच्यावर हे काम टाकले ते लोक नोकरी सांभाळून सोसायटी चालवणारे रहिवासी आहेत. मात्र अशा टाकीचा खरा धोका दुर्गंधीपेक्षा फार मोठा आहे. २०१९ च्या मे महिन्यात ठाण्याच्या ढोकाळी भागातल्या एका गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले तीन कामगार मरण पावले. २०१३ च्या कायद्याने मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्या साफ करण्यासाठी माणसाला असुरक्षितपणे आत उतरवण्यास बंदी घातलेली आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढली, माणूस टाकीत का उतरला हा प्रश्न उरला. तो उतरला कारण त्या टाकीची कोणाकडे नोंद नव्हती, ती कधी साफ करायची याचे वेळापत्रक नव्हते आणि यंत्राने गाळ उपसणारी गाडी बोलावणे कोणावर बंधनकारक होते हे कोणी पाहत नव्हते. खाजगी आवारातली टाकी ही खाजगी बाब नाही, हे या एका गोष्टीवरून तरी पटावे. प्रत्येक एसटीपीची महापालिकेकडे नोंदणी, प्रशिक्षित चालकाची अट, विकासकाच्या ठेवीतून पहिल्या काही वर्षांची देखभाल, आणि जिथे सोसायटीला ते खरोखर झेपत नाही तिथे रीतसर शुल्क भरून मुख्य वाहिनीला जोडण्याची मुभा, हे सर्व उपविधीत लिहिता येण्यासारखे आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आक्षेप गावठाणांमधून आणि चाळींमधून येतो. नियम कडक झाला की निरीक्षक येईल, निरीक्षक आला की चिरीमिरी आली, आणि घणसोली, दिघा, कळवा किंवा लोकमान्यनगरातल्या माणसाला त्याचा जाच होईल. मोठा कारखाना मात्र सल्लागार नेमून सुटेल. ही भीती अनुभवातून आलेली आहे. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांनी शहर वसवण्यासाठी जमिनी दिल्या, कुटुंबे वाढली तशी गरजेपोटी घरे बांधली, आणि त्यांच्या दारातली गटारे मात्र नोडमधल्या वाहिन्यांच्या दर्जाची कधी झाली नाहीत. अशा ठिकाणी चुकीच्या जोडणीबद्दल नोटीस पाठवणे अन्यायाचे आहे, कारण बरोबर जोडणी करायला जागाच दिलेली नाही. आरोग्याच्या नावाने केलेली सक्ती लोकांना कशी दुरावते हे आपल्या प्रांताला १८९७ नंतरच्या प्लेगच्या काळात चांगलेच कळले होते. घरांत घुसून केलेल्या झडत्यांनी स्वच्छतेच्या उपायांवरचाच विश्वास उडाला, आणि साथ तर थांबली नाहीच. म्हणून मी सुचवतो तो नियम घराच्या उंबरठ्यावर सुरू होऊ नये. गावठाण, चाळ आणि झोपडपट्टी येथे वाहिनी आणून जोडणी करून देण्याची जबाबदारी आणि खर्च महापालिकेचा असावा आणि दंडाची तरतूद तिथे लागूच नसावी. तपासणी व्यावसायिक वापरापासून, भाराच्या उतरत्या क्रमाने व्हावी. आणि प्रत्येक तपासणीची तारीख, नमुन्याचा निकाल व दिलेली नोटीस त्याच आठवड्यात जाहीर व्हावी. लाचेला जागा मिळते ती निरीक्षकाला काय दिसले हे फक्त त्याला आणि मालकाला ठाऊक असते तेव्हा. नियमच नसलेल्या अवस्थेत भ्रष्टाचार नाही असे कोण म्हणेल? आज नाल्यात सोडलेली बेकायदा जोडणी कोणाच्या तरी डोळ्यांदेखतच झालेली असते.

मैला वाहणाऱ्या आणि रसायने वाहणाऱ्या टँकरांकडे तर वेगळ्या गांभीर्याने पाहायला हवे, कारण ते वाहिनीचा सगळा हिशेबच ओलांडून जातात. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनामुळे शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. टँकर कुठून भरला आणि कुठे रिकामा झाला याची दोन्ही टोकांची पावती असल्याशिवाय त्याला पुढचे काम मिळू नये, आणि रिकामा करण्याची अधिकृत जागा मलप्रक्रिया केंद्रातच, चोवीस तास आणि अल्प दरात उपलब्ध असावी. अधिकृत जागा लांब आणि महाग ठेवायची आणि नाल्यावर पहारा बसवायचा, या पद्धतीने कुठेही यश आलेले नाही.

काही उद्योजक म्हणतात की असा नियम ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या व्यवसायांवर आणखी एक ओझे होईल. थोड्या काळासाठी होईलही. पण याच पट्ट्यातल्या कारखान्यांना पुनर्प्रक्रिया केलेले पाणी देण्यासाठी नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे पुढच्या टप्प्यातील शुद्धीकरणाची व्यवस्था उभारली आहे. ते पाणी विकत घेणाऱ्या कारखान्याला त्याचा दर्जा रोज सारखा हवा असतो. वरच्या बाजूला एखाद्या शेजाऱ्याने आम्ल सोडले तर खालच्या बाजूला त्याच्याच यंत्रात खराब पाणी येईल. पिण्याचे पाणी धरणातून आणून कारखान्यात वापरण्याचे दिवस फार उरलेले नाहीत. तेव्हा मलवाहिनीत काय शिरते यावर देखरेख असणे हा उद्योगांच्याच पाणीपुरवठ्याचा भाग होत चालला आहे.

नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून दीर्घ काळ प्रशासकांनी कारभार पाहिला, आणि उपविधीसारखा सर्वसाधारण सभेत खुली चर्चा, नागरिकांच्या हरकती व सूचना आणि राज्य शासनाची मंजुरी लागणारा विषय त्या काळात मागे पडणे स्वाभाविक होते. आता प्रत्येक उमेदवाराला आणि प्रत्येक प्रभाग समितीला विचारायचा प्रश्न नेमका असावा. आमच्या प्रभागातल्या किती मालमत्ता मलवाहिनीला जोडलेल्या आहेत, किती पर्जन्यजलवाहिनीला, आणि किती कशालाच नाहीत? या एका तक्त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. मालमत्ता कराची यादी महापालिकेकडे आहे, पाण्याच्या जोडण्यांची यादी आहे, मलवाहिन्यांचे नकाशे आहेत. या तिन्ही एकत्र करून, उन्हाळ्यात वाहणाऱ्या पावसाळी गटारांवरची चेंबरे वरपर्यंत तपासून, पहिल्या वर्षात हा तक्ता प्रभागनिहाय जाहीर करता येईल, दुसऱ्या वर्षात महापालिकेच्या स्वतःच्या इमारती, शाळा, रुग्णालये व मंडया बरोबर जोडता येतील, आणि त्यानंतरच पहिली नोटीस एखाद्या मोठ्या व्यावसायिक वापरकर्त्याच्या नावे निघावी.